ड्रॉवरमधला दवाखाना

ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलाखाली एक छोटं मेडिकल स्टोअर असतं. त्यातल्या गोळ्या आपण बिनधास्त घेतो, वाटतो, विसरतो. पण एखादी सोसली नाही, तर ते कुणाला सांगायचं असतं?

कुठल्याही ऑफिसात जा आणि टेबलाचा दुसरा ड्रॉवर उघडा. पहिल्यात स्टेपलर, जुनी व्हिजिटिंग कार्ड्स आणि कधीकाळच्या पिझ्झाबरोबर आलेली ओरेगॅनोची पाकिटं असतात. दुसऱ्यात औषधं!

गेल्या महिन्यात मी मित्रमैत्रिणींच्या ऑफिसांत जाऊन हाच उद्योग केला. लोअर परळ, अंधेरी, ठाणे आणि पुण्याला गेले तेव्हा हिंजवडी. 'जरा तुझा ड्रॉवर बघू?' म्हटल्यावर लोक आधी लाजतात आणि मग चक्क कौतुकाने दाखवतात. डोकेदुखीची गोळी, सर्दीची गोळी, पाठीची, पाळीची, पोट बिघडल्यावरची. ॲसिडिटीची तर हवीच (ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते, मग ऑफिसात काय करते, हा प्रश्न कुणालाच पडत नाही). निम्म्या स्ट्रिप्स कात्रीने अशा कापलेल्या, की औषधाचं नाव एका तुकड्यावर आणि एक्सपायरी दुसऱ्यावर. तो दुसरा तुकडा गेल्या दिवाळीतच शेजारच्या क्युबिकलमध्ये गेलेला. एका ऑफिसात एचआरमधली एक मुलगी अख्ख्या फ्लोअरची डॉक्टर आहे. 'काय होतंय?' विचारते आणि पर्समधून काढून देते. फी, एक कटिंग.

या सगळ्यांना मी दोनच प्रश्न विचारले. पहिला, कधी एखादी गोळी सोसली नाही असं झालंय? यावर जवळजवळ प्रत्येकाकडे किस्सा होता. कुणाच्या अंगावर पित्त उठलं, कुणाच्या पापण्या सुजल्या, कुणी भर मीटिंगमध्ये पेंगलं. दुसरा प्रश्न, मग ते कुणाला कळवलं? यावर सगळीकडे एकच चेहरा. 'कळवायचं असतं?'

हो, असतं. आणि ते न कळवण्याची किंमत काय, ते माझ्या एका मैत्रिणीच्या मनगटावर बघायला मिळतं.

मनगटावरचा डाग

ती मार्केटिंगमध्ये आहे, नाव छापू नको म्हणालीय. महिन्यातले पंधरा दिवस फिरती. फिरती म्हणजे हॉटेलचं जेवण आणि हॉटेलचं जेवण म्हणजे बिघडलेलं पोट. त्यामुळे तिच्या पर्समध्ये एक स्ट्रिप कायम असायची, ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल यांची जोडगोळी. पहिलं अँटिबायोटिक, दुसरं अमिबा आणि तसल्या इतर जंतूंवरचं. पोट बिघडलं की रात्री एक, सकाळी एक आणि दुपारी प्रेझेंटेशनला हजर!

एकदा तिच्या डाव्या मनगटावर रुपयाएवढा लालसर-जांभळा डाग उठला. थोडी आग, थोडी खाज. तिला वाटलं, घड्याळाचा पट्टा. पट्टा बदलला. काही दिवसांत डाग काळपट होत विझला. चारेक महिन्यांनी पुन्हा डाग. तीच जागा, तोच आकार. या वेळी तिने घड्याळच बदललं (स्मार्टवॉच, हप्त्यावर). तिसऱ्यांदा मात्र मनगटाच्या जोडीला खालच्या ओठावरही डाग उठला. मग लिपस्टिकही बदनाम झाली आणि बाईसाहेब एकदाच्या स्किनच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी डाग जेमतेम बघितला. विचारलं ते एवढंच, की डाग उठायच्या आदल्या दिवशी कुठली गोळी घेतली होती?

याला म्हणतात फिक्स्ड ड्रग इरप्शन. आपल्या संरक्षण यंत्रणेतल्या काही टी पेशी त्वचेच्या एका तुकड्यात ठाण मांडून बसतात. औषध रक्तात आलं रे आलं, की तिथेच हल्ला. म्हणून दर वेळी डागाची जागा तीच. पहिल्या खेपेला तो उठायला काही दिवस लागू शकतात, पुढच्या खेपांना काही तास पुरतात. गोळी घेत राहिलं तर डागांची संख्या वाढू शकते. बऱ्याचदा हे जिवावर बेतत नाही, क्वचित मात्र अंगभर फोड येण्यापर्यंत जातं. वेदनाशामकं, सल्फाची औषधं आणि मेट्रोनिडॅझोल-ऑर्निडॅझोलचं घराणं हे यातले नेहमीचे संशयित.

औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्यांचे यासाठी दोन शब्द आहेत, डीचॅलेंज आणि रीचॅलेंज. औषध थांबवल्यावर त्रास थांबला का, हा पहिला. पुन्हा दिल्यावर पुन्हा झाला का, हा दुसरा. संशय पक्का करायला दुसऱ्याइतका भारी पुरावा नाही, पण मुद्दाम तो प्रयोग सहसा कुणी करत नाही, कारण त्यात पेशंटला धोका असतो. आमच्या बाईंनी तो फुकटात दोनदा करून दिला आणि आळ घेतला घड्याळाच्या पट्ट्यावर.

आता खरी गोची. गोळीत औषधं दोन. मग गुन्हेगार कोण? ऑफ्लॉक्सॅसिनमुळेही असा डाग उठल्याच्या नोंदी आहेत, ऑर्निडॅझोलमुळेही. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही टाळा. म्हणजे उद्या एखाद्या खऱ्याखुऱ्या इन्फेक्शनला यातलं जे निर्दोष औषध उपयोगी पडलं असतं, तेही तिच्यासाठी बाद. आपल्या देशाला अशा 'टू इन वन' गोळ्यांचा भारी सोस. सरकारने २०१६ मध्ये एका फटक्यात ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, प्रकरण कोर्टात गेलं, २०१८ मध्ये पुन्हा ३२८ वर बंदी आली आणि २०२४ मध्ये आणखी १५६ वर. तरी केमिस्टचं कपाट काही ओकंबोकं दिसत नाही.

बरं, धडधाकट तरुण माणसाचं बिघडलेलं पोट बहुतेक वेळा ओआरएस आणि आरामावर आपसूक ताळ्यावर येतं. रक्त पडत असेल, ताप चढला असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती ठरवायला डॉक्टर हवा. ही गोळी मुळात चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको. अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर डाव्या कडेला उभी लाल रेघ असते ना, ती त्यासाठीच. २०१६ मध्ये आरोग्य मंत्रालयाने त्या रेघेची मोठी मोहीमही काढली होती. मैत्रिणीला रेघ दाखवली तर म्हणाली, 'अगं, मला वाटायचं ते डिझाइन आहे.'

या सगळ्यात एक गोष्ट झालीच नाही. डॉक्टरांनी गोळी बंद केली, मलम दिलं, डाग फिकटला, विषय संपला. तीन वेळा झालेला, छान पुरावा असलेला हा दुष्परिणाम कुठल्याही वहीत गेला नाही. यात ती एकटी नाही. २००६ मध्ये १२ देशांतल्या ३७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा मधला आकडा निघाला ९४ टक्के. म्हणजे शंभर दुष्परिणामांतले चौऱ्याण्णव कुणी कळवलेलेच नसतात.

दोन विरार लोकलमध्ये एक

तुम्ही म्हणाल, बाजारात यायच्या आधी औषधाची चाचणी होते की! होते ना. पण ती किती लोकांवर? काही शे, फार तर काही हजार. तेही निवडक. गरोदर बायका सहसा वगळलेल्या, खूप म्हातारे वगळलेले, एकदम चार आजार आणि सहा औषधं असलेले वगळलेले. प्रत्यक्षात गोळी गिळतो तो समाज असा चाळून घेतलेला नसतो.

संख्याशास्त्रात एक सोपा 'तीनचा नियम' आहे. समजा, औषध ३००० जणांना दिलं आणि एकालाही अमुक त्रास झाला नाही. याचा अर्थ 'त्रास होत नाही' असा नाही. अर्थ एवढाच, की तो हजारात एकापेक्षा जास्त जणांना होत नसावा, आणि ही खात्रीही ९५ टक्के. दहा हजारांत एकाला होणारा त्रास एकदा तरी नजरेला पडावा असं वाटत असेल, तर ३० हजार लोक लागतील. दहा हजारांत एक म्हणजे किती? गर्दीच्या वेळच्या दोन गच्च विरार लोकल घ्या आणि त्यातला एक माणूस शोधा. चाचणीत तो सापडत नाही. औषध लाखो लोक घ्यायला लागतात तेव्हा सापडतो. अर्थात, त्याने तोंड उघडलं तर!

ही अक्कल जगाला फार महागात आली. थॅलिडोमाइड हे पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये आलेलं झोपेचं औषध. गरोदरपणातल्या मळमळीवरही ते सर्रास दिलं जायचं. हातपाय अर्धवट वाढलेली मुलं जन्माला यायला लागली. सिडनीतले डॉ. विल्यम मॅकब्राइड आणि हॅम्बुर्गचे डॉ. विडुकिंड लेंत्स यांनी वेगवेगळ्या टोकांना बसून संशय जाहीर केला आणि १९६१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत औषध मागे घेतलं गेलं. तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त मुलांचं नुकसान झालं होतं. त्यानंतर १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशीच्या नोंदी एकत्र करण्याचा कार्यक्रम सुरू केला. आज त्या कोट्यवधी नोंदी स्वीडनमधल्या उप्साला गावच्या केंद्रात जमा होतात.

पण नोंदी जमवून भागत नाही, त्या वेळेवर ऐकाव्याही लागतात. व्हायॉक्स आठवतं? तेव्हा आपण शाळेत होतो. रोफेकॉक्सिब नावाचं हे वेदनाशामक १९९९ मध्ये आलं. सांधेदुखीपासून पाळीच्या दुखण्यापर्यंत सगळ्याला, आणि जुन्या गोळ्यांपेक्षा पोटाला सौम्य. २००० मध्येच एका मोठ्या चाचणीत हे घेणाऱ्यांत हार्ट अटॅक जास्त दिसले. त्यावर खुलासा असा आला, की तुलनेला घेतलेली दुसरी गोळीच बहुधा हृदयाचं रक्षण करत असावी! सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने औषध मागे घेतलं, तोवर जगभरात काही कोटी लोकांनी ते घेऊन झालं होतं. भारतात त्याच वर्षी डिसेंबरात बंदी आली. नंतर 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अंदाजानुसार एकट्या अमेरिकेत हृदयविकाराच्या ८८ हजार ते १ लाख ४० हजार जादा गंभीर केसेस या गोळीच्या खात्यावर जातात. हार्ट अटॅक हा तसा 'नेहमीचा' आजार, हीच यातली मेख. हातपाय नसलेलं मूल कुणाच्याही नजरेत भरतं. पासष्ट वर्षांच्या सांधेदुखीवाल्या काकांना अटॅक आला तर घरचे म्हणतात, वय झालं होतं. गोळीकडे बघणार कोण?

व्हॉट्सॲपवरची 'बंदी'

आता अगदी आपल्या ड्रॉवरमधलं उदाहरण. मेफेनॅमिक ॲसिड. पाळीच्या दिवसांत अर्ध्या ऑफिसच्या पर्समध्ये असतं ते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनने त्याबद्दल एक इशारा दिला. आठवड्याभरात तो व्हॉट्सॲपवर 'गोळीवर बंदी!' असा फिरला. माझ्याच फोनवर चार ग्रुप्समधून आला, एकात वर गुलाबाचं फूल.

बंदी वगैरे काही नव्हती. देशभरातून आलेल्या नोंदी चाळताना या औषधाबरोबर 'ड्रेस' नावाची प्रतिक्रिया दिसली होती. नाव फॅशनेबल, प्रकरण गंभीर. ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं आणि कधी लिव्हर, किडनीसारख्या अवयवांना इजा. गंमत म्हणजे (गंमत कसली!) हे सुरू होतं साधारण दोन ते आठ आठवड्यांनी. तोवर कोण म्हणणार, की हा ताप त्या गोळीचा? हे फार दुर्मीळ आहे. इशाऱ्यात डॉक्टरांना आणि घेणाऱ्यांना एवढंच सांगितलं होतं, की या शक्यतेवर लक्ष ठेवा आणि असं काही दिसलं तर आम्हाला कळवा.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. हा इशारा कुणा परदेशी कंपनीच्या लॅबमधून आलेला नव्हता. आपल्याकडच्या पेशंट्सना त्रास झाला, कुणीतरी फॉर्म भरला आणि असे फॉर्म एका जागी जमले म्हणून तो आला. ज्यांनी भरला नाही, त्यांचा ताप तसाच विरून गेला.

सगळेच धोके असे लपलेले नसतात, हेही सांगायला हवं. काही नुसते बेरजेचे असतात. पॅरासिटामॉल घ्या. मोठ्या माणसाला चोवीस तासांत चार ग्रॅम ही वरची मर्यादा, रोज पिणाऱ्याला आणि लिव्हरचा त्रास असलेल्याला त्याहूनही कमी. अंग मोडून आलंय म्हणून ६५० च्या चार गोळ्या, झाले २६००. नाक वाहतंय म्हणून सर्दीची गोळी तीनदा, तिच्यात ५०० असेल तर आणखी १५००. बेरीज ४१००. पाठ दुखतेय म्हणून एचआरच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या 'कॉम्बी'मध्येही थोडं असतंच, ते मी धरलंच नाही. रंग वेगळे, नावं वेगळी, आत माल तोच. हे टाळायला संशोधन लागत नाही, स्ट्रिपच्या पाठीमागचं बारीक अक्षर वाचावं लागतं. जी स्ट्रिप आपण कात्रीने कापलेली असते.

केईएम ते गाझियाबाद

मुंबईकरांनी थोडी कॉलर टाइट करायला हरकत नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी भारत त्या जागतिक कार्यक्रमात सामील झाला, तेव्हा दिल्लीच्या एम्सबरोबर परळचं केईएमही त्यात होतं. पुढे २००४-०५ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, त्याच्या दोन विभागीय केंद्रांपैकी एक केईएमलाच. तो कार्यक्रम फार रुळला नाही. २०१० मध्ये 'फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया' या भारदस्त नावाने नवी सुरुवात झाली, २२ केंद्रांनिशी. २०११ पासून त्याचं मुख्यालय गाझियाबाद. आज केंद्रं कित्येक शे आहेत, बहुतेक मेडिकल कॉलेजांत आणि मोठ्या हॉस्पिटलांत.

आणि कळवायला डॉक्टरच असायला हवं असं नाही. सामान्य माणसासाठी वेगळा फॉर्म आहे, तोही मराठीत. पेशंटच्या नावाची फक्त आद्याक्षरं, वय, औषध कुठलं, कशासाठी, कधी सुरू केलं, काय झालं, कधी झालं, आता कसं आहे. सगळं आठवत नसेल तरी चालतं. पेशंट, कळवणारा, संशयित औषध आणि झालेला त्रास, या चार गोष्टी असल्या की नोंद धरली जाते. गोळीनेच झालं हे तुम्ही सिद्ध करायचं नसतं. ते काम तिकडच्यांचं. त्यांच्याकडे त्यासाठी चक्क प्रश्नपत्रिका असतात. १९८१ मधली नारांहो यांची दहा प्रश्नांची यादी अजून वापरात आहे, आणि आपल्या बाईंचा रीचॅलेंज तिच्यात चांगले मार्क मिळवून देतो. फोनही करता येतो, १८००-१८०-३०२४, टोल फ्री, कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळात. एक मात्र नक्की. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध हे वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी त्यांच्याशी बोला.

मैत्रिणीला एका शनिवारी कॉफी पाजून फॉर्म भरायला बसवलं. पंधरा-वीस मिनिटांत झाला. अडलं ते तारखांवर आणि गोळीच्या ब्रँडवर. स्ट्रिप केव्हाच कचऱ्यात गेलेली, बिल कधी घेतलंच नव्हतं. यूपीआयची हिस्ट्री काढली. त्यात केमिस्टचं नाव होतं, वार आणि वेळ होती, रात्रीचे पावणेबारा आणि रुपये १४०. गोळीचं नाव अर्थातच नाही. मग डागांचे फोटो शोधले. दोन सापडले, एक तर घड्याळाच्या रिव्ह्यूसाठी काढलेला! त्यावरून तारखा जुळल्या. ब्रँडच्या रकान्यात तिने दोन्ही औषधांची मूळ नावं लिहिली. तेवढंही चालतं. आता तिच्या पाकिटात लायसन्समागे एक चिठ्ठी असते, त्यावर तीच दोन नावं. पुढच्या डॉक्टरला दाखवायला.

२०२५ मध्ये देशाच्या औषध महानियंत्रकांनी औषध दुकानांना हा फोन नंबर आणि नोंदणीचा क्यूआर कोड ठळक जागी लावायला सांगितलं. तो दिसतो का, म्हणून मी आमच्या भागातली पाच दुकानं फिरले. दोन ठिकाणी दिसला. एका दुकानात काउंटरच्या काचेवरच, यूपीआयच्या क्यूआरला खेटून. मी उभी होते तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने चुकून तोच स्कॅन केला आणि 'पेमेंट होत नाहीये' म्हणून कुरकुर केली. दुसऱ्या दुकानात तो प्रोटीन पावडरच्या डब्यांमागे होता. मी विचारल्यावर तिथल्या मुलाने डबे बाजूला केले, वाचलं आणि मला म्हणाला, 'मॅडम, त्या खोकल्याच्या सिरपने मला रात्रभर धडधडायचं, ते पण यात सांगता येतं काय?'